पेट्या हलतात

आमच्या भाऊजींबरोबर बाजारात जायचं म्हणजे दुकानदारांच्या सहनशक्तीची परीक्षा. पिशवी भरायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बटाटे तळाला, त्यावर भोपळ्याची फोड, अंडी मधोमध, त्यांना चारी बाजूंनी कांद्यांचा आधार, आणि टोमॅटो सगळ्यात वर. मागे रांग खोळंबली तरी यांचं आपलं चाललेलं. शेवटी पिशवी उचलून कानाशी नेतात आणि हलकेच हलवतात. आवाज आला नाही की मान डोलावतात. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, बटाटे काय बोलणार आहेत?" तर म्हणाले, "बोलू नयेत म्हणूनच हलवायचं असतं, धाकटे."

धाकटी म्हणजे मी, त्यांच्या बायकोची बहीण. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून भाऊजींनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. त्यांच्या घरापासून चौथ्या इमारतीत जिन्याखाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, कमरेत सैल करणं, पायाशी आखूड करणं, असली कामं. दुकान कसलं, एक मशीन आणि एक स्टूल. स्टूल गिऱ्हाइकांसाठी ठेवलं होतं, पण गेली दोन वर्षं त्यावर बहुतेक वेळ भाऊजीच बसलेले असतात. तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क, ताईखालोखाल, माझा.

भाऊजी काचेच्या कारखान्यात पॅकर होते. अठ्ठावीस वर्षं. बरण्या, पेले, पाण्याचे जग, दिव्यांच्या काचा. पेंढा किती घालायचा, कागद किती चुरगाळायचा, कुठला पेला कुणाच्या शेजारी सुखानं राहील, हे त्यांच्या हातांना ठाऊक. पेटी बंद करण्याआधी उचलून कानाशी हलवायची, आत जरा जरी किणकिण झाली तर सगळा माल बाहेर काढून पुन्हा भरायचा. 'पेटी हलते' ही त्यांच्या खात्यातली सगळ्यात वाईट शिवी. आईबापांचा उद्धार केलेला चालायचा, पण 'तुझी पेटी हलते' म्हटलं की दोन माणसांचं आठवडाभर बोलणं बंद. भाऊजींची एकही पेटी अठ्ठावीस वर्षांत परत आली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. ताई सांगते, आणि असा चेहरा करून सांगते की पेट्या जणू तिनंच भरल्या.

मग कारखाना बंद पडला. लोकांना प्लास्टिक बरं वाटायला लागलं, त्याला कोण काय करणार. भाऊजी तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. सकाळी सातला डबा घेऊन निघायची सवय काही सुटेना. ताई डबा भरून द्यायची, हे निघायचे आणि माझ्या स्टुलावर येऊन बसायचे. बरोबर एकला डबा खायचे. घरी थांबले तर आणखीच पंचाईत. त्यांनी स्वयंपाकघरातली फडताळं लावली, मग पुन्हा लावली. तिसऱ्यांदा हात घातल्यावर ताईनं हात जोडले. "माझ्याच घरात मला मीठ सापडत नाही हो."

नोकरीसाठी ते वणवण फिरले. औषधांचं गोदाम, बुटांचं गोदाम, एक कुरिअरवाला. दोन वेळा मीही बरोबर गेले होते. सगळीकडे आधी वय विचारायचे आणि वय ऐकलं की दुसरं काही विचारायचे नाहीत. भाऊजी आपणहून सांगायचे, "अठ्ठावीस वर्षं पॅकर होतो. चांगलं भरतो मी." समोरचा म्हणायचा, "त्यात काय आहे, खोक्यातच तर टाकायचं." भाऊजी बाहेर येऊन त्या माणसाची बाजू घ्यायचे. त्याला कामाची घाई असेल, म्हणायचे. असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे ताईची कमाल आहे.

आठ महिन्यांनी रोजगार केंद्रातून चिठ्ठी आली. सरकारनं बेकारांसाठी काम-अनुभव योजना काढली होती. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला अनुभव देणार होते. मी हसले, ताईनं माझ्याकडे बघून डोळे वटारले, आणि भाऊजी दाढी करायला गेले. नियम साधे होते. एकशे ऐंशी दिवस एखाद्या सरकारी कचेरीत काम करायचं, रोज सही करायची, महिन्याला भत्ता मिळणार. दिवस पूर्ण भरले तर प्रमाणपत्र. अपुरे पडले, मग कारण काही का असेना, तर प्रमाणपत्र नाही, भत्ता बंद, आणि वर्षभर पुन्हा अर्ज करायचा नाही.

भाऊजींची रवानगी एका कचेरीच्या दप्तरखान्यात झाली. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, लोखंडी मांडण्या छतापर्यंत, आणि त्यांत चाळीस-पन्नास वर्षांच्या फायली. कचेरी नव्या इमारतीत जायची होती. प्रत्येक फाईल झटकायची, फीत बांधायची, नंबराची चिठ्ठी लावायची, यादीत लिहायची आणि खोक्यात भरायची. योजनेतली सात माणसं होती. सगळ्यात वयस्कर म्हणून भाऊजींना गटप्रमुख केलं. दप्तरखान्याचे साहेब म्हणजे निवृत्तीला आलेले, सतत सर्दी झालेले, पण मनानं भले गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी मांडण्यांकडे हात केला आणि म्हणाले, "सहा महिन्यांचं काम आहे. सावकाश होऊ द्या."

सरकारी कचेरीत 'सावकाश' हा हुकूम असतो, हे कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला कुठून कळणार? भाऊजींना वाटलं, साहेब आपले सौजन्यानं बोलताहेत.

पहिले दोन दिवस जो तो आपल्यापरीनं एकेक फाईल उचलून तिच्याकडे बघत बसला होता. तिसऱ्या दिवशी भाऊजींना राहवेना. त्यांनी दोन टेबलं जोडली आणि कारखान्यातल्यासारखी साखळी लावली. एक झटकणार, एक बांधणार, एक चिठ्ठी लावणार. गटात एक लिफ्टमन होता. लिफ्ट आपली आपण वर-खाली जायला शिकली तशी त्याची नोकरी गेली होती. मजले पुकारून पुकारून त्याचा आवाज खणखणीत झालेला, म्हणून त्याला फायलींचे नंबर पुकारायला उभं केलं. तो 'तीनशे बारा' असं पुकारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता दार उघडणार आणि आपण बाहेर पडायचं. दुसरी एक बेकरीवाली होती. नऊ वर्षं पाव कापून पुड्यांत भरत होती, मग यंत्र आलं. घरी दोन लेकरं आणि सासू, कमावणारी ही एकटी. तिची बोटं बघून भाऊजींनी तिला खोकी भरायला बसवलं. आणि शेवटी स्वतः उभे राहिले, प्रत्येक खोकं उचलून कानाशी हलवायला. कागदाचा कसला आवाज येणार? पण हलवल्याशिवाय त्यांनी एकही खोकं पुढे जाऊ दिलं नाही.

त्या दिवसांतले भाऊजी बघायला हवे होते. संध्याकाळी माझ्या दुकानावरून जाताना थांबायचे आणि आज किती मांडण्या रिकाम्या झाल्या ते सांगायचे. अंगाला धुळीचा वास, भुवया पांढऱ्या, आणि बोलणं थांबता थांबत नाही. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांनी तर सांगून टाकलं होतं की नव्या इमारतीच्या भांडारात पॅकरची एक कायमची जागा आहे, आणि मी तुमच्याच नावाची शिफारस करणार. भाऊजींनी हे मला सांगितलं तेव्हा कुणी ऐकत नाही ना म्हणून जिन्याकडे बघून घेतलं. या वयात कायमची नोकरी. मी मशीनवर मान खाली घातली, नाहीतर माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं आणि त्यांनी जन्मभर चिडवलं असतं.

एकसष्टाव्या दिवशी दुपारीच ते दुकानात हजर झाले. "संपलं, धाकटे. एक फाईल राहिली नाही." कारखान्यात माल वेळेआधी रवाना झाला की फोरमन पाठ थोपटायचा आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायचा. त्याच खुशीत होते बिचारे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रोजगार केंद्रात फोन करून कौतुकानं सांगितलं की काम पूर्ण झालं. तिकडून उत्तर आलं की काम संपलं म्हणजे नेमणूक संपली. सातही जणांचे दिवस एकसष्ट. प्रमाणपत्र नाही, भत्ता बंद, वर्षभर अर्ज नाही. साहेबांनी खूप रदबदली केली, दुसरं काहीतरी काम देतो म्हणाले. पण मंजुरी त्याच कामाला होती. आठवडाअखेर नेमणूक बंद करून कागद पाठवा, असं त्यांना सांगण्यात आलं.

त्याच संध्याकाळी बेकरीवाली माझं दुकान शोधत आली. भाऊजी समोरच स्टुलावर बसलेले, पण ती बोलली माझ्याशी.

"तुम्हीच ना त्यांच्या मेव्हणी? सांगा त्यांना, आमच्या घरात तो भत्ता सोडला तर दुसरं काही येत नाही. कुणी सांगितलं होतं एवढं पळायला?"

मी म्हटलं, "त्यांना कुठं माहीत होतं?"

"मलाही नव्हतं. मीच तर सगळ्यात भराभर भरत होते." तिनं एकदा स्टुलाकडे बघितलं. "त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. नऊ वर्षांत बेकरीत मला कुणी काही शिकवलं नाही. यांनी दोन महिन्यांत केवढं शिकवलं. आता मी कुणावर चिडू?"

ती गेल्यावर भाऊजी खूप वेळ माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं आकारानं वेगळी करत बसले. मी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जे झालं ते मला फार उशिरा कळलं, पण इथंच सांगितलेलं बरं. भाऊजी साहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, काहीतरी वाट काढा. साहेबांनी रात्रभरात योजनेचं पुस्तक वाचून काढलं होतं आणि त्यांना एक कलम सापडलंही होतं. झालेलं काम असमाधानकारक आढळलं तर उरलेल्या मुदतीत त्याच गटाकडून ते पुन्हा करून घ्यावं. म्हणजे दिवस भरणार, सगळ्यांचे. फक्त खाली दोन रकाने होते. एक दोषाचा, आणि दुसरा त्याला जबाबदार असलेल्या उमेदवाराचा. तिथे एकच नाव लिहायचं होतं.

"माझं लिहा," भाऊजी म्हणाले. "गटप्रमुख मीच आहे."

साहेबांनी टेबलावरचा दुसरा कागद त्यांच्याकडे सरकवला. पॅकरच्या जागेसाठी केलेली शिफारस टाईप होऊन तयार होती, फक्त सही बाकी होती. "हे दोन्ही कागद मी एकाच माणसाबद्दल कसे पाठवू?"

"ते मला कळलं, साहेब."

साहेब उठून हॉलमध्ये गेले. तीन खोकी त्यांनी स्वतः उघडून बघितली. दोष काही सापडेना. बेकरीवालीला त्यांनी सकाळीच यादी धरायला बोलावलं होतं, म्हणून तिनं सुरुवातीपासून हे सगळं पाहिलं. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "अहो, मी लिहू तरी काय? तुम्हीच सांगा." भाऊजी उभे. मग खोक्यांकडे पाठ करून म्हणाले, "लिहा. पेट्या हलतात."

साहेबांनी लिहिलं. त्यांच्या लेखी ते नुसते दोन शब्द होते.

पुढचे एकशे एकोणीस दिवस ती सगळी खोकी उघडून पुन्हा भरली गेली. वाईट भरणं भाऊजींना तरीही जमलं नाहीच. पण घाईची जागा आता शिकवण्यानं घेतली. प्रत्येकाला प्रत्येक काम आलं पाहिजे म्हणाले. लिफ्टमन गाठी मारायला शिकला आणि बेकरीवाली खोकं कानाशी लावायला शिकली. आम्हाला घरी एवढंच सांगितलं होतं की काम पुन्हा करायचं ठरलंय. मी म्हटलं, सरकारच ते, विहीर खणायची आणि बुजवायची, त्यांना काय. भाऊजी हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसले.

एकशे ऐंशी दिवस भरले. सातही जणांना प्रमाणपत्रं मिळाली, त्यांतल्या सहांवर शेरा 'उत्तम'. महिन्याभरानं बेकरीवाली पुन्हा माझ्या दुकानात आली. भाऊजी तेव्हा पाणी भरायला घरी गेले होते. भांडारातल्या पॅकरच्या जागेसाठी साहेबांना एक नाव द्यायचंच होतं, त्यांनी तिचं दिलं होतं. हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि ते ती मला दाखवायला आली होती की लपवायला, तेच तिला कळत नव्हतं. तिनं उभ्या उभ्या मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्यांनीच मला सांगितलं, जागा सोडू नकोस म्हणून. मी काय करायला हवं होतं?"

मी म्हटलं, "घ्यायलाच हवी होती." आणि ते खरं होतं. पण ती गेल्यावर मी मशीनवर झाकण घातलं आणि तडक ताईकडे गेले. माझा अगदी तिळपापड झाला होता.

ताई चादर घडी करत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. जेवले नाहीत म्हणून मी खोदून खोदून विचारलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"नाही बसले. चांगली भांडले. म्हटलं, आपल्या घराचं काय? तर म्हणाले, आपल्या घरात तू आहेस, धाकटी आहे. तिच्या घरात कोण आहे?" ताईनं चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "यावर काय बोलायचं ते तूच सांग." आम्ही दोघींनी ती चादर घडी केली.

त्यानंतरच्या सोमवारी भाऊजींना रोजगार केंद्रात हजेरी द्यायची होती. मी हट्टानं बरोबर गेले. रांग दारापर्यंत होती. आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र घेतलं, वाचलं, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्यानं.

"दर्जा असमाधानकारक. पेट्या हलतात. म्हणजे काय हो?"

भाऊजी समजावून सांगायला लागले. शांतपणे, एखाद्या नव्या माणसाला शिकवावं तसे. "आतला माल नीट बसवला नाही ना बाई, की पेटी उचलल्यावर आवाज येतो. मग वाटेत फुटतो तो."

"मग अठ्ठावीस वर्षं तुम्ही केलंत तरी काय?"

मागे कुणीतरी हसलं. माझं तोंड उघडलंच होतं. मी त्या बाईंना, त्या रांगेला, त्या सगळ्या इमारतीला ऐकवणार होते. भाऊजींनी न बघता माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"तुमच्या कार्डावर कौशल्याच्या रकान्यात पॅकर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "या शेऱ्यानंतर ते ठेवता येणार नाही. अकुशल करावं लागेल. करू?"

"करा," भाऊजी म्हणाले.

बाईंनी पट्टी ठेवून एक रेघ मारली, वर नवा शब्द लिहिला, शिक्का उठवला आणि कार्ड परत दिलं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

बाहेर आल्यावर मला अभिमान वाटत होता की संताप येत होता, मला सांगता येणार नाही. दोन्ही इतके वाटत होते की चालवेना. केंद्राच्या पायऱ्यांवरच मी त्यांना अडवलं. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटतं की. फार वाटतं." ते पायरीवर बसले. कार्ड गुडघ्यावर ठेवून त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, शाई वाळली का बघावं तसा. "आठ महिने दारोदार जाऊन खरं सांगत होतो, धाकटे. मी चांगलं भरतो म्हणून. एकानंही मानलं नाही. आणि जन्मात एकदा खोटं सांगितलं, तर बघ, शिक्कासुद्धा मारून दिला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं होतं तसं त्यांचं धरलं. रांगेतली माणसं आमच्या बाजूनं वर जात राहिली.